व्यवस्थित भागतं

३ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
समितीच्या सभासदांसाठी नव्या डायऱ्या आल्या होत्या. बारा. सभासद अकरा. उरलेली कोणी मागितली नाही म्हणून मी ठेवली. ही चोरी नव्हे. पाचव्या मजल्याच्या पॅन्ट्रीत जे उरतं त्याची व्यवस्था लावणं हे माझंच काम. बिस्किटांचंही तसंच.

समिती किमान वेतनाची आहे. म्हणजे माणसाला कमीत कमी पगार किती द्यायचा, ते ठरवणार. चार महिने बसणार, आमच्याच मजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये. चहा माझ्या हातचा. थोडक्यात, लाखो लोकांचं नशीब ठरणार आणि ते माझ्या चहावर ठरणार.

संकल्प: रोज लिहायचं. आतली चर्चा कान देऊन ऐकायची. योग्य वेळी योग्य शब्द टाकायचा.

११ जानेवारी, मंगळवार
मधले आठ दिवस लिहायचं राहिलं. पाय दुखत होते. लिहायला पाय लागत नाहीत हे खरं, पण मन पायांपाशीच असतं.

आज पहिली मिटिंग. अध्यक्षसाहेब मोठा माणूस. पहिला घोट घेऊन म्हणाले, वा. बाकी कुणालाच वा म्हणाले नाहीत, दिवसभर. डावीकडे मालकांच्या बाजूचे गृहस्थ, बिनसाखरेचा घेतात. उजवीकडे कामगारांच्या बाजूच्या वकीलबाई. त्यांच्या कपातला चहा नेहमी गार होतो, कारण त्या बोलत असतात.

सकाळपासून चारपर्यंत 'पुरेसं' या शब्दावर चर्चा झाली. पुरेसं म्हणजे किती, यावर एकमत नाही. चहा मात्र तीनदा पुरला.

घरी सौ.ला सांगितलं की पगारवाढ नक्की. साहेब तसं म्हणाले का, असं तिने विचारलं. म्हणाले नाहीत, पण चहा घेताना मान हलवली, असं मी सांगितलं. ती बोटांना मलम चोळत राहिली. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुते, त्या पावडरीने बोटं फुटतात. तिला राजकारणातलं कळत नाही.

१९ जानेवारी, बुधवार. दुपारी
मावशीला पण आनंदाची बातमी दिली. मावशी म्हणजे आमच्या मजल्याची झाडलोट करते ती. वयाने माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान आहे, पण झाडू हातात घेतला की सगळ्या मावश्याच. मला काका म्हणते.

नवरा गेल्यापासून चौघींबरोबर एका खोलीत राहते. तिथे लेकरू ठेवायची सोय नाही, म्हणून पाच वर्षांची पोरगी भावाकडे ठेवली आहे. दर रविवारी फोन करते. पगार किती वाढेल, स्वतंत्र खोली घेता येईल का, असं विचारत होती. मी म्हणालो, खोली काय घेऊन बसलीस, खिडकीवाली बघ. ती फडकं पिळता पिळता थांबली आणि हसली. दीड वर्षात पहिल्यांदा तिचे दात दिसले. चांगल्या बातमीचा हाच फायदा, द्यायला खर्च येत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मी ऑफिसचा माणूस नाही, कॉन्ट्रॅक्टरचा आहे. मावशीही. पण हे चारचौघांना कळायचं कारण नाही. युनिफॉर्मचा रंग ऑफिसवाल्यांसारखाच आहे, फक्त खिशावर कॉन्ट्रॅक्टरचं नाव आहे. मी खिशात रुमाल ठेवतो, थोडा बाहेर. नाव झाकलं जातं. अकरा वर्षं झाली, एकानेही विचारलेलं नाही.

२७ जानेवारी, गुरुवार
मुलीला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळतोय. फी भरायची शेवटची तारीख पंधरा फेब्रुवारी. मी शांतपणे समजावलं की घाई करू नये. वाढ झाल्यावर पुढच्या बॅचला सन्मानाने भरू. उसनं घेऊन शिकणं बरं दिसत नाही. उसनं देणारा कोणी नाही, हा वेगळा मुद्दा.

ती म्हणाली, ठीक आहे बाबा. फॉर्म घडी करून कपाटात ठेवला. समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

१० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी
सौ. हल्ली संध्याकाळी जेवत नाही. पित्त होतं म्हणते. विशेषतः महिन्याच्या वीस तारखेनंतर जास्त होतं, पण या महिन्यात दहा तारखेआधीच सुरू झालं. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. म्हणाली, डॉक्टर काय सांगणार. बरोबर आहे, पित्ताला पथ्य हेच औषध. एक बरं, त्यामुळे मुलीच्या आणि माझ्या डब्याला उरतं.

समितीत आज एका प्राध्यापकाने पडद्यावर आलेख दाखवले. एक रेघ वर जात होती, एक खाली. कुठली आमची ते कळलं नाही. ट्रे घेऊन मध्ये उभा राहिलो तेव्हा दोन्ही रेघा माझ्या शर्टावर पडल्या.

२२ फेब्रुवारी, मंगळवार
महत्त्वाचा दिवस. वकीलबाई स्वतः पॅन्ट्रीत आल्या. म्हणाल्या की आम्ही दीड महिना तज्ज्ञांना ऐकतोय, मालकांना ऐकतोय, पण या पगारावर जगणारा एक माणूस त्या टेबलाशी आलेला नाही. चार युनियनवाले येऊन भाषणं करून गेले, ते वेगळं. मला साधं, घरचं बोलणारं माणूस हवंय. अध्यक्षांना मी तयार केलंय. तुमच्या मजल्यावरून कोणी येईल का?

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात दारातून मावशी म्हणाली, मी येते.

बादली हातात तशीच. वकीलबाईंना आनंद झाला. मी म्हणालो, बघू, आम्ही आपसात ठरवून कळवतो. घाईत ठरवायच्या गोष्टी नाहीत या.

१ मार्च, मंगळवार. दुपारी ३
मावशी जेवणाच्या सुट्टीत तयारी करते. भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि फ्रिजशी बोलते. आज मी ऐकलं. म्हणते, साहेब, माझी पोरगी तिच्या मामीला आई म्हणायला लागली आहे. मी फोन केला की मामी तिला सांगते, बाळा, आईशी बोल, तर ती म्हणते, आई तर तू आहेस. मला पगार किती हवा ते मला सांगता येत नाही. पोरगी जवळ ठेवता येईल एवढा हवा.

एवढंच. पुढे काही नाही. पुन्हा पहिल्यापासून.

मी विचार केला. समितीला मुद्दे लागतात. हे फार घरगुती झालं. शिवाय तिचा आवाज मध्येच फाटतो. तिला नीट समजावलं की तू घाबरशील, तिथे अनुभव लागतो, अध्यक्षसाहेब मला ओळखतात. ती म्हणाली, घाबरेन, पण बोलेन. मी म्हणालो, हा सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, तुझ्या-माझ्या हौसेचा नाही.

तिने डबा बंद केला. मग म्हणाली, तुम्ही बोला काका. पण माझं सांगा.

सांगेन म्हणजे काय, तिथूनच सुरुवात करतो, असं मी म्हणालो.

८ मार्च, मंगळवार. सकाळी ६.१५
आज. युनिफॉर्मला स्वतः इस्त्री केली. मुद्दे पाठ आहेत. एक: भाडं. दोन: मुलीचं शिक्षण. तीन: सौ.चे हात. चार: मावशीची पोरगी. (क्रम बदलायचा, चार आधी.) सौ.ने दारात येऊन शर्टाची कॉलर सारखी केली आणि म्हणाली, खरं तेच सांगा हं. बायकांना काळजी फार.

त्याच दिवशी, दुपारी ४.३०
झालं. उत्तम झालं.

अध्यक्षसाहेब म्हणाले, या, बसा. खुर्ची दाखवली. हातांची, गादीची, समितीची खुर्ची. अशा खुर्च्यांच्या पाठीमागून अकरा वर्षं फिरलो, बसलो आज. बसल्यावर खोली वेगळी दिसते. टेबल फार मोठं वाटतं. मग साहेबांनी स्वतः थर्मास उचलला आणि माझ्यासाठी चहा ओतला. मी उठायला लागलो तर खांद्यावर हात ठेवून बसवलं. हा चहा तुमचाच, म्हणाले. सगळे हसले. मीही.

घरी कोण कोण, विचारलं. सांगितलं. मुलगी काय करते? मी म्हणालो, लॅब टेक्निशियनचा कोर्स. हे खोटं नाही, करणारच आहे. छान, छान, असं दोन-तीन जण म्हणाले.

मग वकीलबाईंनी विचारलं, महिना संपत आला की घरी कसं असतं?

अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. मालकांच्या बाजूच्या गृहस्थांनी पेन उघडलं होतं. साहेब म्हणाले, अगदी मोकळेपणाने सांगा. आणि मी म्हणालो, भागतं साहेब. व्यवस्थित भागतं.

बाईंनी पुन्हा विचारलं, खरंच? त्यांचा सूर मला आवडला नाही. माझ्या तोंडावर काही लिहिलंय का? म्हणालो, देवाच्या दयेने थोडं शिल्लकही पडतं.

बिनसाखरेच्या गृहस्थांनी लिहून घेतलं आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. बाई म्हणाल्या, आणि मजल्यावरच्या इतरांचं? इथे मी मावशीचं काढणार होतो. अगदी तोंडात होतं. पण तोंडात बिस्किटही होतं. म्हणालो, सगळ्यांचं ठीक आहे.

बाहेर मावशी उभी होती. विचारलं, सांगितलंत? मी म्हणालो, सगळं.

९ मार्च, बुधवार
नीट विचार केला. काल मी केलं तेच योग्य. झाकली मूठ सव्वा लाखाची. रडणाऱ्याला भीक मिळते, ताठ बसणाऱ्याला मान मिळतो, आणि मानापाठोपाठ पगार येतोच. शिवाय साहेब अनुभवी. 'भागतं' म्हणणारा माणूस कसा म्हणतो, यावरून त्यांना आतलं कळलं असणार. सूर ओळखणारा माणूस आहे. चहाचं कसं ओळखलं?

सौ.ला म्हणालो, ठणकावून बोललो. तिने हातातलं काम बाजूला ठेवून पूर्ण ऐकलं. काय काय म्हणालात, असं दोनदा विचारलं. मी म्हणालो, ते गोपनीय असतं.

२१ मार्च, सोमवार
मावशीने खोली बघितली. शाळेच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली, पण खिडकी आहे. घरमालकिणीला सांगून आली की मे महिन्यापर्यंत थांबा, पगार वाढतोय. पोरीलाही फोनवर सांगितलं की शाळा खिडकीतून दिसते. पोरीने विचारलं, मामी पण येणार ना?

हे सांगताना मावशी हसत होती. मला कप विसळायचे होते.

४ एप्रिल, सोमवार
मुलगी कामाला लागली. मोठ्या दुकानात, बिलिंग काउंटरवर. दहा तास उभं. खुर्ची आहे, पण बसलेलं गिऱ्हाइकांना आवडत नाही म्हणे. तात्पुरतं आहे. अनुभव मिळेल, माणसं कळतील. पगार किमान वेतनाइतकाच आहे, म्हणजे वाढ झाली की तिचाही आपोआप वाढेल. एका दगडात दोन पक्षी.

संध्याकाळी आली आणि चपला न काढता जमिनीवर बसली. सौ. तिचे पाय मांडीवर घेऊन बसली. मी डायरी काढली, पण लिहिण्यासारखं काही नव्हतं.

९ मे, सोमवार. दुपारी १२
रिपोर्ट छापून आला! गठ्ठे पॅन्ट्रीतच उतरवले. एक प्रत बाजूला काढून वाचली. पान सत्तेचाळीस. उतरवून घेतो:

'समितीने कार्यालयातील एका कंत्राटी कर्मचाऱ्याशी थेट संवाद साधला. सध्याच्या वेतनात आपले व्यवस्थित भागते, किंबहुना थोडी शिल्लकही राहते, असे त्याने स्वेच्छेने सांगितले. त्याची मुलगी तंत्रशिक्षण घेत आहे. इतर कर्मचाऱ्यांची स्थितीही समाधानकारक असल्याचे त्याने नमूद केले.'

सरकारी छपाई. आयुष्यात पहिल्यांदा छापून आलो. 'नमूद केले' हे शब्द माझ्याबद्दल! नाव नाही, पण ओळखणारे ओळखतील. 'कंत्राटी' टाळायला हवं होतं.

वाढ शेवटच्या पानावर आहे. मी दोनदा वाचली. रोज बिस्किटाचा एक पुडा येईल एवढी. तीही दोन टप्प्यांत, पुढच्या वर्षापासून. सुरुवात म्हणून वाईट नाही.

संध्याकाळी ७.३०
रिपोर्ट घरी नेला. मुलीला म्हटलं, सत्तेचाळिसावं पान मोठ्याने वाच. ती दुकानातून नुकतीच आली होती, अंगात दुकानाचा एप्रन होता. तिने वाचायला घेतलं. 'तंत्रशिक्षण घेत आहे' इथे थांबली. एप्रनकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. पुढचं वाक्य वाचून संपवलं आणि विचारलं, बाबा, हे परत द्यायचंय का?

सौ. म्हणाली, भागतं म्हणालात?

मी म्हणालो, त्या वेळी तसंच म्हणावं लागतं.

ती म्हणाली, बरोबर आहे. भागतं. मी भागवते म्हणून भागतं.

आवाज चढवला नाही. उठून दोरीवरचे कपडे काढायला गेली. कपडे ओले होते अजून. तिने ते काढले आणि पुन्हा एकेक करून वाळत घातले.

१० मे, मंगळवार. सकाळी ६.४०
मावशीच्या आधी पोहोचून गठ्ठे कुठेतरी लपवावेत म्हणून लवकर आलो. ती पोहोचली होती. गठ्ठ्यावर बसली होती, मांडीवर रिपोर्ट, ओळीवर बोट. तिला वाचायला वेळ लागतो. मी दारात उभा राहिलो. बोट ओळीच्या शेवटाला गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. 'समाधानकारक' हा शब्द तिने ओठांनी फोडून वाचला.

मग रिपोर्ट मिटवला, पदराने पुसला, गठ्ठ्यात नीट ठेवला आणि झाडू घेतला. रोजच्यासारखं झाडलं. पॅन्ट्रीही झाडली. मी उभा होतो तेवढी जागा सोडून.

१२ मे, गुरुवार
दुरुस्ती-अर्ज लिहितोय. संकल्प: सोमवारच्या आत देणारच.

मसुदा पहिला: मा. अध्यक्षसाहेब, माझ्या म्हणण्याचा किंचित विपर्यास झाला आहे. (नाही. झालेला नाही.)

मसुदा दुसरा: मा. अध्यक्षसाहेब, त्या दिवशी प्रकृती बरी नसल्याने.

मसुदा तिसरा: साहेब, भागत नाही.

यापुढे काय लिहायचं ते सुचत नाही. अर्ज एवढा लहान बरा दिसत नाही.

१६ मे, सोमवार. दुपारी
अर्ज घेऊन गेलो. तिसराच. हॉलला कुलूप. समितीची मुदत संपली, साहेब सुट्टीवर गेले, असं कळलं. वकीलबाई आपल्या फाइली न्यायला आल्या होत्या, त्या लिफ्टपाशी भेटल्या. कागद त्यांच्या हातात दिला. तीन शब्द वाचायला कितीसा वेळ लागणार? पण त्या बघत राहिल्या.

म्हणाल्या, मला त्याच दिवशी कळलं होतं.

मी म्हणालो, मग तुम्ही का नाही लिहिलंत?

म्हणाल्या, मी तर सात वर्षं लिहितेय. आम्हाला कळून चालत नाही, कुणीतरी म्हणावं लागतं. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. आवाज फक्त दमलेला होता. फाइली जड होत्या म्हणून मी खालपर्यंत पोहोचवल्या.

पुढची समिती पाच वर्षांनी. हरकत नाही. तोवर मुद्दे पक्के होतील. मी तेव्हा छप्पन्नचा असेन, कॉन्ट्रॅक्टर पंचावन्नपर्यंतच ठेवतो. पण बाहेरून येऊनही बोलता येतं बहुतेक. विचारून ठेवायला हवं.

२७ मे, शुक्रवार. संध्याकाळी ६
मावशी गेली. नोकरी सोडून, भावाच्या गावी. तिथल्या गोदामात धान्य निवडायचं काम आहे, पगार इथल्यापेक्षाही कमी. पण पोरगी डोळ्यांसमोर राहील. खिडकीवाली खोली दुसऱ्या कुणीतरी घेतली.

दुपारी पॅन्ट्रीत आली. फडक्यांच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली. रिपोर्ट वाचला त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी चहा ओतला, तिच्यापुढे ठेवला. तिने उभ्यानेच घेतला. मी म्हणालो, मावशी, चूक झाली माझी. असं स्पष्ट मी याआधी कुणाला म्हटलेलं नाही, घरीही नाही.

ती म्हणाली, एक विचारू का काका? तुम्हाला त्या खुर्चीत बसवलं, तेव्हा कसं वाटलं?

उत्तरं पुष्कळ होती माझ्याकडे. एकही आठवलं नाही. म्हणालो, चांगलं वाटलं.

म्हणाली, वाटणारच. मला पण वाटलं असतं.

कप विसळून ठेवला आणि गेली. तिचं खरं नाव काय, ते मला माहीत नाही. विचारायचं राहिलं.

कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला. नवीन बाई मिळेपर्यंत मजला तुम्हीच बघा, वेगळे पैसे नाहीत. हो म्हणालो. चारला सुरुवात केली, आत्ता संपलं. हॉलमधल्या खुर्च्या जड आहेत. प्रत्येक उचलून बाजूला ठेवावी लागते, आणि टेबलाखालचं निघत नाही, त्यासाठी गुडघ्यांवर बसावं लागतं.